चेहऱ्यावर हसून झालं, फाईलचं काय?

जानेवारी 2026 मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाली तेव्हापासून ग्रुपवर, कट्ट्यावर, घरी जेवताना एकच वाद परत परत निघतोय. नेता किंवा उमेदवार स्टेजवर अडखळतो, भलतंच काहीतरी बोलून जातो, माइक चालू आहे हे विसरतो, आणि तासाभरात त्याची रील होऊन महाराष्ट्रभर फिरते, तर हे चांगलं की वाईट? एक गट म्हणतो लोकशाही आहे, एवढं सोसायलाच पाहिजे. दुसरा म्हणतो काय पातळी झालीय, निदान पदाचा तरी मान ठेवा. आणि गंमत म्हणून नाही तर खरंच नीट बघा, आपल्या पक्षाच्या नेत्याची क्लिप आली की माणसाला मान आठवतो आणि समोरच्याची आली की लोकशाही आठवते. असाच वाद घालत राहिलो तर अजून दहा वर्षं घालू आणि हाताला काही लागणार नाही. नेत्यावर हसावं की नाही हे केव्हाच ठरलेलं आहे, हसावं, बिनधास्त हसावं. ठरायचं राहिलंय ते हे की त्याच्या कशावर हसायचं. माझं म्हणणं सरळ आहे. त्याने जे ठरवून केलं, जे त्याच्या पदाशी आणि कामाशी लागून आहे, त्यावर हवा तितका निर्दय विनोद करा. पण जीभ घसरली, इंग्रजी अडलं, बोली गावाकडची निघाली, पाय अडखळला यावरच आपली सगळी हौस फिटत असेल तर नेत्याचं काही बिघडत नाही, नुकसान आपलं होतं, कारण तेवढ्या वेळात जे बघायला हवं होतं ते नजरेतून निसटून गेलेलं असतं.

जून 2022 आठवा. एकनाथ शिंदेंबरोबर फुटलेले शिवसेनेचे आमदार आधी सुरतला गेले, मग आसामातल्या गुवाहाटीला, आणि सांगोल्याचे शहाजीबापू पाटील कार्यकर्त्याशी फोनवर बोलले ती क्लिप बाहेर आली. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील." पुढचे कितीतरी दिवस महाराष्ट्र त्याच वाक्यावर चालला, डीजेवर गाणी आली, टीशर्ट आले, लग्नाच्या वरातीत वाजलं. आता त्याच दिवसांत खरं काय चाललं होतं? निवडून आलेलं सरकार पडत होतं. पक्षांतर बंदीसाठी 1985 साली घटनेत दहावं परिशिष्ट आलं, 2003 साली त्यातली एक तृतीयांश आमदारांच्या फुटीची पळवाट बंद केली, मग हे लोक नेमके कोणत्या दाराने बाहेर पडतायत आणि दार उघडलं कोणी, हा तेव्हाचा प्रश्न होता. सुप्रीम कोर्टाचा निकाल 11 मे 2023 ला आला, त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकीचं होतं असं कोर्टाने म्हटलं, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता आधीच राजीनामा दिला होता त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही असंही म्हटलं. अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी दिला तो थेट 10 जानेवारी 2024 ला, दीड वर्षाने. या दीड वर्षात काय काय झालं हे क्रमाने सांगू शकणारी माणसं मला माझ्या ओळखीत शोधावी लागतात, आणि झाडी-डोंगार मात्र पहिलीतल्या पोरालाही पाठ आहे. आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आली. ज्या दिवसांत आपण आसामातल्या झाडीवर हसत होतो त्याच दिवसांत आसामात महापूर होता, सिलचर शहर पाण्याखाली होतं, लाखो लोक बेघर झाले होते. त्या राज्यातल्या हॉटेलात आपले आमदार बसले होते, हा केवढा मोठा विषय होता! तो बोलीच्या नादात गेला.

आणि हसलो कशावर ते पण बघायला हवं. सांगोला हा माणदेशाचा दुष्काळी पट्टा, तिथल्या माणसाने हिरवंगार डोंगर बघून हरखून जाणं यात हसण्यासारखं काही नाही. पुण्यातल्या लोकांना ते हसू आलं ते "डोंगार" या उच्चारावर. आपल्या शहराला ही सवय फार जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये निबंधमाला सुरू केली, मराठी गद्याला त्यांनी दिलेलं वळण मोठं आहे, ते कोणी नाकारणार नाही, पण त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तो व्याकरणावरून आणि भाषेवरून, टिंगल करत. फुले काय विचारत होते? शेतकरी नागवला का जातो, शूद्रांच्या पोरांपर्यंत शाळा का पोचत नाही. 1882 ला इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. देशभरातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळायला 2009 साल उजाडलं. व्याकरणावर हसून झालं म्हणून प्रश्नाला उत्तर मिळालं असं होतं का? आगरकरांचंही तसंच. त्यांच्या लेखांना उत्तर देण्यापेक्षा त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणं पुण्यातल्या काही मंडळींना सोपं वाटलं. माणसाचं हसं केलं की त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यायची जबाबदारी संपते, हा हिशोब तेव्हापासूनचा आहे, मोबाईल आत्ता आला.

यावर कोणी म्हणेल की फुले काय कमी टिंगल करायचे? बरोबर आहे, चांगली कडक करायचे, आणि मला ती आवडते. पण त्यांची टिंगल प्रथेवर असायची, पुरोहित यजमानाला कसा लुबाडतो, कुलकर्णी कागद कसा रंगवतो, हे ते इतकं बारीक दाखवायचे की वाचणाऱ्याला पुढच्या वेळी तो कागद बघितल्यावर कळावं. मी म्हणतोय तो फरक हाच.

या निवडणुकीतली एक गोष्ट सांगतो. सिंहगड रोडच्या बाजूला, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांपैकी एका गावात कोपरा सभा होती, मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. उमेदवार बचत गटातल्या ताई, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या, हातात लिहून दिलेला कागद, तो थरथरतोय हे लांबून दिसत होतं. "माननीय व्यासपीठ" म्हणाल्या आणि थांबल्या, पुढचा शब्द काही केल्या येईना, मागून पक्षाचा कोणीतरी हळू आवाजात सांगायला लागला तर तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. मग त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि साध्या बोलण्यात सांगायला सुरुवात केली, टँकर कधी येतो, रात्री-अपरात्री ड्रम घेऊन कोण उभं राहतं, टँकरवाल्याला दर महिन्याला किती द्यावे लागतात, मागच्या वर्षी जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली तेव्हा शेजारचं पोरगं आयसीयूत होतं आणि विहिरीचं पाणी प्यायचं की नाही हे सांगायला कोणी आलं नव्हतं. इतकं मुद्देसूद भाषण मी त्या पंधरवड्यात दुसरं ऐकलं नाही, आणि त्यात मुरलेले वक्ते पण आले. रात्री ग्रुपवर क्लिप आली ती "माननीय व्यासपीठ"पासून मागच्या माणसाच्या आवाजापर्यंत, पुढचं कापलेलं, वर हसणाऱ्या स्मायली आणि खाली "हे चालवणार महापालिका". चांगली शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं ती पुढे पाठवत होती. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना देऊन आता बरीच वर्षं झाली, पण स्टेजवर बोलायची सवय काही कायद्याने मिळत नाही, ती बोलून बोलूनच येते, आणि पहिल्याच वेळी जिची अशी क्लिप झाली ती बाई पुढच्या वेळी माइक हातात घेईल का? मुरलेल्या नेत्याला फरक पडत नाही. त्याच्याकडे सोशल मीडिया सांभाळणारी टीम असते. हसण्याचा मार बसतो तो नेहमी नवख्याला.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. ते म्हणतात, अनवधानाने निघालेल्या वाक्यातच माणसाचं खरं मन दिसतं, लिहून आणलेलं भाषण तर कोणीही वाचेल. हे मला बऱ्याच अंशी पटतं. 26/11 च्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील हिंदीत बोलून गेले की मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होत राहतात. आबा साधे होते, लोकांना आवडायचे, हिंदीही सवयीची नव्हती, पण गृहमंत्र्याने एवढ्या माणसांच्या मृत्यूनंतर असं बोलणं याला जीभ घसरली म्हणून सोडून देता येत नव्हतं आणि लोकांनी दिलं नाही, त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले तेव्हा सोबत मुलगा आणि सिनेमाचे दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते, तेही चित्र टीव्हीवर दिसलं आणि मुख्यमंत्रिपद गेलं. दोन्ही प्रसंग अवघडलेले होते. पण लोकांचा राग त्या पदाच्या जबाबदारीला धरून होता, कोणी आबांच्या हिंदीच्या उच्चारांवर अडून बसलं नाही. म्हणून मी असं म्हणतच नाही की प्रत्येक फजिती दुर्लक्ष करण्यासारखी असते. जी फजिती आपल्याला कामापर्यंत नेते ती पकडून ठेवा, जितकी ताणता येईल तितकी ताणा.

फक्त आधी पूर्ण बघा. कारण "खरं मन दिसलं" असं आपण ज्या तुकड्यावरून म्हणतो तो तुकडा कोणीतरी कापलेला असतो. 2017 मध्ये गुजरातच्या प्रचारात राहुल गांधी म्हणाले की एका बाजूने बटाटा घाला, दुसऱ्या बाजूने सोनं निघेल. क्लिपमध्ये एवढंच होतं. पूर्ण भाषणात ते हे मोदींच्या आश्वासनांची नक्कल म्हणून सांगत होते, तसं स्पष्ट म्हणतही होते. आजही माझे काही नातेवाईक ते वाक्य राहुल गांधींचं म्हणून सांगतात, पूर्ण व्हिडिओ दाखवला तरी. आणि हे एका बाजूचं नाही. जानेवारी 2022 मध्ये दावोसच्या ऑनलाइन परिषदेत मोदी बोलता बोलता थांबले तेव्हा टेलिप्रॉम्प्टर बंद पडला, यांना कागदाशिवाय बोलताच येत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने दिवसभर हसून घेतलं. पूर्ण रेकॉर्डिंग बघितलं तर आवाज सगळ्यांपर्यंत पोचतोय का याची विचारपूस चाललेली दिसते. अमेरिकेतलं उदाहरण तर याहून मोठं आहे. जानेवारी 2004 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी मागणारा हॉवर्ड डीन नावाचा नेता आयोवा राज्यातल्या पक्षाच्या मतदानात तिसरा आला, रात्री कार्यकर्त्यांसमोर भाषण करताना शेवटी जोरात ओरडला, आणि ते ओरडणं टीव्हीवर इतकं दाखवलं की माणूस वेडाच वाटायला लागला. हॉलमध्ये हजर असलेल्यांना ते विशेष वाटलंच नव्हतं, कारण तिथे प्रचंड गलका होता. त्याच्या हातातला माइक फक्त त्याचाच आवाज पकडत होता, गर्दीचा आवाज टीव्हीपर्यंत गेलाच नाही. तो हरला फक्त यामुळे असं मी म्हणणार नाही, आयोवात तो आधीच मागे पडला होता. पण आज त्याचं नाव काढलं की इराक युद्धाला त्याने केलेला विरोध कोणाला आठवत नाही, ओरडणं आठवतं.

दुसरा मुद्दा तरुण मुलांचा. माझ्या भाच्याच्या वयाची पोरं पेपर वाचत नाहीत, बातम्या लावत नाहीत, मग मीममुळे का होईना त्यांना मंत्र्याचं नाव तरी कळतं, असं म्हणतात. हा मुद्दा मला मनापासून खरा ठरावा असं वाटतं. पण जुलै 2025 चं प्रकरण घ्या. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळताना दिसले, रोहित पवारांनी तो व्हिडिओ टाकला, कोकाटे म्हणाले मी ती जाहिरात बंद करत होतो. यावर झालेला विनोद माझ्या हिशोबात अगदी योग्य होता, कारण सभागृह चालू होतं, खातं शेतीचं होतं आणि शेतकरी अडचणीत होता. महिना संपता संपता कृषी खातं त्यांच्याकडून काढून क्रीडा खातं दिलं, त्यावर अजून एक लाट आली. पण याच मंत्र्यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या कोर्टाने 1995 सालच्या, मुख्यमंत्री कोट्यातले फ्लॅट खोट्या माहितीवर घेतल्याच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. शिक्षेला स्थगिती मिळाली आणि ते मंत्री राहिले. डिसेंबरमध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली तेव्हा कुठे मंत्रिपद गेलं, आणि लढाई वरच्या कोर्टात गेली. म्हणजे पत्त्यांनी खातं बदललं, कागदांनी खुर्ची हलवली. रमीचं मीम माझ्या भाच्याने मला स्वतः पाठवलं होतं, फ्लॅटचं प्रकरण त्याने ऐकलंसुद्धा नव्हतं. गरिबांसाठी राखलेलं घर, मंत्री, तीस वर्षं चाललेला खटला, यात मीमला मटेरियल नव्हतं असं कोण म्हणेल? फक्त व्हिडिओ नव्हता.

इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मीमला चेहरा लागतो, आणि कारभाराचा मोठा भाग बिनचेहऱ्याचा असतो. पुण्याने तर हे अंगावर काढलंय. 2017 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. 2025-26 चं बजेट बारा हजार सहाशे कोटींच्या वरचं, ते आयुक्तांनीच मांडायचं आणि त्यांनीच प्रशासक म्हणून मंजूर करायचं, मुख्य सभेत उठून "हे टेंडर कोणाला" असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नाही. याच काळात, जानेवारी 2025 मध्ये, सिंहगड रोडवरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला जीबीएसची साथ आली, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण, कोणाचे हातपाय लुळे पडलेले, कोणी व्हेंटिलेटरवर, आणि संशय दूषित पाण्यावर. ही सगळी महापालिकेत घेतलेली गावं, टॅक्स चालू, पाण्याची लाईन कुठे आहे कुठे नाही. त्या चार वर्षांत मी पुण्यातल्या लोकांच्या फोनवर मंत्र्यांच्या उच्चारांवरचे, झोपलेल्या आमदारांवरचे, चुकलेल्या राष्ट्रगीतावरचे विनोद भरभरून बघितले. नगरसेवकच नाहीत यावरचा एकही धड विनोद मला कोणी पाठवला नाही. कसा पाठवणार? रिकाम्या सभागृहाची जीभ कधी घसरत नाही.

"फायलीवर विनोद होतच नाही" हे मात्र मी मान्य करणार नाही. चार शब्दांत नेमकी खोड पकडणाऱ्या पाट्या याच शहराने लिहिल्या. खड्ड्यात झाड लावून त्याला हार घालणारी माणसं इथे आहेत, त्यात कोणाचा चेहरा नसतो आणि तरी वॉर्ड ऑफिसला बरोबर कळतं. आर. के. लक्ष्मण शेवटची वर्षं पुण्यात राहिले, सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसमध्ये त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे. नेत्यांची नाकं-कान त्यांनी पण मोठी काढली, पण चित्र बघितल्यावर त्या दिवशी महागाईचं काय झालं, कोणता पूल रखडला हे कळायचं.

राहिला प्रश्न की कशावर हसायचं हे ठरवणार कोण. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी कायदा, पोलीस, नियमावली यांच्या जवळपासही जाणार नाही. मे 2022 मध्ये अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांच्या शरीरावरून बोलणारी कविता शेअर केली. मी ज्याला वाईट विनोद म्हणतोय त्याचा तो नमुना होता, वाचून मला किळस आली. तरी त्यासाठी तिला चाळीस दिवस तुरुंगात ठेवणं हा सरळ अन्याय होता. रेषा पोलिसांच्या हातात दिली की ती कोणाच्या सोयीने ओढली जाते हे आपण सगळ्या पक्षांच्या राज्यात बघितलंय. मी बोलतोय ते आपल्या अंगठ्याबद्दल, जो पुढे पाठवायचं बटण दाबतो. त्याच्यावर कोणाची सक्ती नको, पण म्हणून त्याची काहीच जबाबदारी नाही असं कसं?

आणि सत्तेला कोणता विनोद झोंबतो हे तर सत्तेनेच आपल्याला दाखवून दिलंय. झाडी-डोंगार या वाक्यावर कोणी तक्रार केली नाही, उलट शहाजीबापू टीव्हीवर, कार्यक्रमांत ते आनंदाने परत म्हणून दाखवायचे, लोक टाळ्या वाजवायचे. नोव्हेंबर 2024 ला सांगोल्याने त्यांना पाडलं आणि शेकापच्या बाबासाहेब देशमुखांना निवडून दिलं. म्हणजे ज्यांना त्यांच्याकडून पाणी-रस्ते हवे होते त्यांनी मत देताना त्या गाण्यांचा विचार केलेला दिसत नाही, नाचलो ते आपण बाहेरचे. याच काळातल्या दुसऱ्या विनोदाचं काय झालं बघा. पन्नास खोक्यांवर, म्हणजे आमदारांनी फुटायला पन्नास कोटी घेतल्याच्या आरोपावर, रॅप केलं म्हणून एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुण रॅपरवर अंबरनाथच्या पोलिसांनी गुन्हा दाखल केला. मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन गीत म्हटलं, त्यात दाढी-चष्मा पण होता, पण लागलं ते पक्षांतराचं, आणि मुंबईत खारला जिथे त्याचा कार्यक्रम झाला तो स्टुडिओ फोडला गेला. दोन्हीकडे विषय एकच, आमदार का फुटले आणि कशासाठी. ज्या विनोदाने तो विषय काढला त्याच्यामागे पोलीस आणि हातोडे आले, आणि ज्याने तो विषय झाडीमागे झाकला तो लग्नात वाजला.